‘सिस्टीमनं आयडी बंद केली’ म्हणजे नेमकी कोणी केली?

आर्वी तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगते. तो एका व्हेंडरमार्फत, म्हणजे कंपनीच्या ठेकेदारामार्फत, ऑनलाइन खरेदीची पार्सलं गावोगावी पोचवतो. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पैसे पार्सलमागे, महिन्याला साधारण १४ हजार. सकाळी हबवर, म्हणजे पार्सलं वाटली जातात त्या केंद्रावर, हजर व्हायचं, ॲप देईल ती रनशीट (त्या दिवसाच्या पार्सलांची यादी) घ्यायची, ॲप सांगेल त्या क्रमानं फिरायचं. पावसाळ्यात पांदण रस्ते चिखलात गेले, काही गावांत नेटवर्क नव्हतं म्हणून ओटीपी आला नाही, आणि ॲपनं त्या खेपा ‘फेक अटेम्प्ट’, म्हणजे न जाताच गेल्याचं खोटं दाखवलेल्या, धरल्या. स्कोअर घसरला. मग वाट्याला फक्त लांबची गावं येऊ लागली, पगारातून २,५०० रुपये कापले गेले आणि एका सकाळी आयडीच, म्हणजे ॲपवरचं कामाचं खातंच, बंद. हब इन्चार्ज म्हणाला, “माह्या हातात काईच नाई भाऊ, सिस्टीमनं केलं.” हबवर बारा पोरं आहेत. भाऊ विचारतो: हे कायदेशीर आहे का? बारा जणांची युनियन होते का? आणि सगळ्यांत आधी माझंच नाव पुढं आलं तर?

मी २६ वर्षं कामगार संघटनेचं काम करते. सुरुवात गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बिडी वळणाऱ्या बायकांमध्ये झाली, मग हिंगणघाटच्या जिनिंगमधले हंगामी मजूर, रोजगार हमीचे मजूर, आणि गेली काही वर्षं तुमच्यासारखी पार्सलवाली पोरं. मी वकील नाही. पण कामगार कार्यालयाच्या बाकावर बरीच वर्षं बसले आहे, त्यामुळे कुठला कागद चालतो आणि कुठला नुसता फाइलला लागतो एवढं कळतं.

भाऊ, ॲपवरून काम वाटायला, वेळ मोजायला, स्कोअर ठेवायला कायद्यात बंदी नाही. त्यामुळे ‘ॲप कायदेशीर आहे का’ या वाटेनं गेलात तर हाती काही लागणार नाही. तुमच्याबद्दल एक निर्णय झाला, त्यात पैसे गेले, काम गेलं, आणि त्या निर्णयाचा धनी कोण हे कोणी सांगायला तयार नाही, ही तुमची खरी अडचण आहे. इन्चार्ज व्हेंडरकडे बोट दाखवतो, व्हेंडर कंपनीकडे, कंपनी सिस्टीमकडे. सिस्टीमला नोटीस बजावता येत नाही, तारखेला बोलावता येत नाही. म्हणून त्या निर्णयाच्या मागचा माणूस आधी शोधायचा. पुढचं सगळं त्यानंतर.

हे दुखणं आपल्या भागाला नवं नाही. मी तिरोड्याकडे बिडीवाल्या बायकांमध्ये बसायला लागले तेव्हा तिथं ‘छाट’ चालायची. मजुरी हजार बिड्यांवर. बाई घरची कामं आटोपून आठवडाभर बिड्या वळायची आणि सट्टेदाराकडे, म्हणजे कंपनीच्या गावातल्या ठेकेदाराकडे, घेऊन जायची. तो बिड्या हातात घ्यायचा, ‘ही ढिली, हिचं तोंड बराबर नाई’ म्हणत बाजूला टाकायचा. किती टाकायच्या आणि कशावरून, ते फक्त त्याच्या डोक्यात. टाकलेल्या बिड्यांची मजुरी मिळायची नाही, आणि बिड्याही परत मिळायच्या नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं: “कंपनीच घेत नाई बाई, मी का करू?”

१९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यात तेव्हा कलम ३९ होतं. पानं-तंबाखू किती दिली, बिड्या का नाकारल्या, नाकारलेल्या बिड्यांच्या मजुरीचं काय, असा वाद ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढे नेता यायचा. ते कलम घेऊन आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. छाट किती झाली ते बाईच्या कार्डावर लिहायचं, आणि छाटलेली बिडी तिच्या डोळ्यांदेखत मोडायची. दुसरी मागणी ऐकून सट्टेदाराचा चेहरा उतरला, कारण छाटलेली बिडी तो गुपचूप विकत होता. बिडी मोडायची वेळ आली तशी त्या गावांमधली छाट पुष्कळ कमी झाली. नवा कायदा कोणी केला नव्हता. लपलेला हिशेब उजेडात आला होता, एवढंच.

तुमचा स्कोअर म्हणजे तीच छाट आहे. बाईला सट्टेदार निदान समोर दिसत होता, तिला त्याच्याशी भांडता येत होतं. तुम्हाला फोनच्या पडद्यावर लाल आकडा दिसतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण पुढचा सगळा रस्ता इथून फुटतो. केंद्राच्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार (सुटं, कामागणिक पैसे मिळणारं काम करणारे) आणि प्लॅटफॉर्म कामगार (ॲपमार्फत काम करणारे) असे शब्द पहिल्यांदा कायद्यात आले. पण त्यांची व्याख्याच अशी आहे की ते मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करणारे. त्यांच्यासाठी कल्याण निधीची तरतूद आहे, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यात भरायचे आहेत, ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे. ती नोंदणी करून ठेवाच, फुकट आहे. पण पगारातली कपात आणि कामावरून काढणं याविरुद्धचं संरक्षण त्या व्याख्येतून मिळत नाही. ते ‘कर्मचारी’ किंवा ‘कामगार’ ठरलेल्याला मिळतं.

मग तुम्ही कोण? करारावर ‘डिलिव्हरी पार्टनर’ लिहिलं असेल, तेवढ्यावर हे ठरत नाही. मी माणसाला चार-पाच गोष्टी विचारते. हबवर ठरलेल्या वेळी जावंच लागतं का? मिळालेली रनशीट नाकारता येते का? सुट्टीसाठी विचारावं लागतं का? त्याच वेळात दुसऱ्याचं काम करता येतं का? पैसे कोणाच्या खात्यातून येतात? मनाला येईल तेव्हा ॲप चालू-बंद करणारा आणि दोन कंपन्यांची कामं उचलणारा शहरातला जेवण पोचवणारा मुलगा वेगळा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं तसं नाही. सकाळी आठला हजेरी आहे, नकार देता येत नाही, गैरहजेरीला दंड आहे. म्हणजे तुम्ही व्हेंडरचे कर्मचारी आहात हे म्हणायला चांगला आधार आहे.

पोरं इथं हमखास एक चूक करतात, म्हणून थांबून सांगते. ‘ॲपच सगळं ठरवते, आम्हाला कोणी साहेब नाई’ असं ती तक्रारीत लिहून मोकळी होतात. समोरचा वकील तेच वाक्य उचलतो: बघा, यांच्यावर कोणाची देखरेखच नाही. हे उलट मांडायला हवं. कुठल्या गावाला आधी जायचं, किती मिनिटांत जायचं, दारासमोर किती वेळ थांबायचं, हे सगळं ॲप सांगतं आणि चुकलं की शिक्षा होते. इतकी बारीक देखरेख जिनिंगचा मुकादमही ठेवत नव्हता. ॲप जितकं जास्त हुकूम देतं, तितकं मालक असल्याचं सिद्ध होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क दिले तेव्हा भाडं, अटी आणि रेटिंगमधून चालणाऱ्या या ताब्याकडेच बोट दाखवलं होतं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण विचार करायची पद्धत घेण्यासारखी आहे.

तुम्ही कर्मचारी ठरलात तर त्या २,५०० रुपयांचं बघू. वेतन संहितेप्रमाणे मालाच्या नुकसानीपोटी कपात करायची असेल तर ते नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं, कपात नुकसानीहून जास्त नसावी, आणि कापण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तुमच्या बाबतीत नुकसान काय झालं? पार्सल हबवर परत आलं. काही हरवलं नाही, फुटलं नाही. मग ही कपात म्हणजे दंडच. दंड कोणकोणत्या चुकांसाठी ते सरकारची मंजुरी घेऊन आधी जाहीर लावलेलं असावं लागतं, तिथंही आधी विचारावं लागतं, आणि रक्कम त्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही. १४ हजारांचे ३ टक्के म्हणजे ४२०. तुमचे कापले २,५००. बहुतेक हीच तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही होती, तेव्हा ‘नवीन कायद्याचं अजून आम्हाला काही माहीत नाही’ ही सबब ऐकून घेऊ नका.

व्हेंडर पळाला, किंवा ‘कंपनीनंच बिल कापलं’ म्हणाला, तर मूळ कंपनीकडेही मागता येतं. ठेकेदारानं पगार दिला नाही तर ज्याची आस्थापना आहे त्याच्यावर जबाबदारी येते. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. आणि कामावरून काढलं असेल तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. आयडी बंद झाल्याला तुम्हाला किती दिवस झाले ते लिहिलं नाही, पण दोन दिवस नक्कीच उलटले असतील.

‘आयडी बंद’ हा शब्द कायद्यात नाही. त्याला आपण कामावरून काढणं म्हणायचं आणि अर्जातही तसंच लिहायचं. व्हेंडरला आधी एक पत्र: अमुक तारखेपासून मला काम देणं बंद केलं आहे, कारण लेखी कळवा, ज्या नोंदींवरून निर्णय झाला त्या दाखवा, आणि निर्णय कोणी घेतला त्याचं नाव व हुद्दा सांगा. उत्तर येणार नाही. चालेल, उत्तर न येणं हाही पुरावा असतो. त्यानंतर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात समेटासाठी अर्ज. ४५ दिवसांत काही झालं नाही तर तुम्हाला स्वतःला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर आर्वीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. १९८७ च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन आहे.

पुरावा हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपण हरतो ते इथं. आयडी बंद झाली की जुन्या रनशीट, कमाईचा तक्ता, स्कोअर, सगळं फोनमधून जातं. तुमचं गेलंच असेल. बाकीच्या अकरा जणांना आजच सांगा: रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या रनशीटचा आणि कमाईच्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि स्वतःलाच ईमेल करायचा. एक साधी वही करायची, शाळेच्या पोरांची दोनशे पानी असते तसली. तारीख, किती पार्सलं, कुठली गावं, किती किलोमीटर, पेट्रोल किती, कुठं अडकलो आणि का. तुमच्याकडे अजूनही बरंच काही उरलं आहे: गिऱ्हाइकांना केलेल्या फोनची यादी, बँकेचं पासबुक, हबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे इन्चार्जचे हुकूम. त्यातले आवाजी मेसेज डिलीट करू नका. ‘उद्या आठ वाजता नाई आला तं आयडी बंद’ असं बोललेला एक मेसेज दहा पानी अर्जापेक्षा वजनदार असतो, कारण त्यात माणसाचा आवाज आहे.

तुमच्याच भागातला एक प्रसंग सांगते. एका पोराच्या नऊ खेपा फेक धरल्या होत्या, त्यातल्या सहा एकाच गावातल्या. ते गाव निम्न वर्धा प्रकल्पात गेलेलं, नवं गावठाण दुसरीकडे वसलेलं. आम्ही गिऱ्हाइकांकडून चिठ्ठ्या घेतल्या. कापूस वेचणीचे दिवस, बायका-माणसं दिवसभर वावरात, फोन घरी चार्जिंगला, मग ओटीपी सांगणार कोण? पोराच्या फोनच्या यादीत त्यानं दोन-दोनदा लावलेले कॉल होते. ते घेऊन व्हेंडरसमोर बसलो आणि त्याला त्याच्याच संगणकावर त्या खेपा उघडायला लावल्या. तेव्हा त्यानंही पहिल्यांदाच बघितलं की नकाशात त्या गावाची खूण जुन्या गावठाणावर होती. पोरगा गिऱ्हाइकाच्या दारात उभा होता आणि सिस्टीमच्या लेखी गावाला गेलाच नव्हता. अकराव्या दिवशी आयडी चालू झाली. कपातीचे पैसे मात्र अर्धेच परत मिळाले, बाकीच्यासाठी तो पोरगा पुढं भांडायला तयार नव्हता, आणि मी त्याला दोष देत नाही.

त्या दिवशी व्हेंडर खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आकडा बघायचा, पण आकड्याच्या आत काय आहे ते उघडून बघायची त्याला गरजच पडली नव्हती. म्हणून मी म्हणते, इन्चार्जशी वैर धरू नका. त्याला तो पडदा उघडायला लावा.

रोजगार हमीवरही आम्ही हेच सोसलं. २०२३ पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइल ॲपवरून दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. मेळघाटात एका कामावर बायका सकाळी सातपासून खोदत होत्या, पण दुपारचा फोटो नेटवर्क नाही म्हणून चढला नाही, आणि अर्धा दिवस गेला. नियमात जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला, अशा अडचणीत हातानं हजेरी मान्य करता येत होती. हे कामावरच्या कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही रोज कागदावर सह्या-अंगठे घेऊन ठेवले होते म्हणून तो अधिकार वापरायला लावता आला. आणि ज्या चोरीसाठी हे ॲप आणलं, ती तरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून मान्य केलं की फोटोचाच फोटो काढून आणि कामाशी संबंध नसलेले फोटो टाकून हजेऱ्या लागत आहेत. खरी राबणारी बाई अडकली आणि खोटी हजेरी लावणारा सुटला. मला याचा आजही संताप येतो.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: निर्णयाचा धनी लेखी विचारायचा, कपातीचा आणि कामावरून काढण्याचा अर्ज वेगवेगळा मांडायचा, आणि दोन्हींच्या मागे तुमची स्वतःची वही उभी करायची. आता संघटनेचं.

बारा जणांची युनियन होते. नोंदणीचा अर्ज सात जण करू शकतात. तिथल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यातला कमी आकडा सभासद असावा लागतो, पण सातच्या खाली जाता येत नाही. तुमच्या बारांत ते बसतं. ‘हे कामगारच नाहीत’ असा आक्षेप समोरून येऊ शकतो. तरी संघ करायचा अधिकार घटनेच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला दिला आहे, नोंदणीचा कागद हातात येईपर्यंत बसून राहायची गरज नाही.

पण मी तुमच्या जागी असते तर नोंदणीआधी दुसरीच चौकशी केली असती. तुमच्या व्हेंडरचे अजून हब कुठं आहेत? आष्टी, कारंजा, पुलगाव? सगळे मिळून वीस किंवा जास्त कामगार होत असतील तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे त्याला तक्रार निवारण समिती नेमावी लागते. त्यात निम्मे प्रतिनिधी कामगारांचे, तक्रार वर्षभरात करता येते आणि समितीनं ३० दिवसांत काम पुरं करायचं असतं. तुमच्यासारख्या वादाला ही जागा चांगली आहे. तिथं वकील लागत नाही, व्हेंडर समोर बसतो, आणि पडदा उघडून बघायला लावता येतो. फक्त कामगारांचे प्रतिनिधी त्यानं निवडू नयेत एवढं सांभाळा. हबवरचा त्याचा मावसभाऊ समितीत बसला तर समिती नसलेली बरी.

आणि एक इशारा. पोरांचा पहिला विचार नेहमी हाच असतो की एक दिवस सगळ्यांनी मिळून ॲप बंद ठेवू, मग अक्कल येईल. नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जातो, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. नोटीस न देता केलात तर आज तक्रारदार आहात, उद्या आरोपी व्हाल. संप करूच नका असं मी म्हणत नाही. अंगणवाडीच्या बायकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सरकारी मोबाइलच परत केले होते. फोन जुने, तापायचे, अटकायचे, पोषण ट्रॅकर ॲप मराठीत धड नव्हतं, आणि नोंद झाली नाही की दोष बाईचा. त्या उठल्या तेव्हा त्यांच्यामागे वर्षानुवर्षांच्या संघटना होत्या, आणि ‘हे यंत्र आम्हाला का चालत नाही’ याचं उत्तर प्रत्येकीला तोंडपाठ होतं. तुमच्या बारा जणांना तेवढं आधी जमलं पाहिजे.

मागायचं काय, याचाही विचार करून ठेवा. ‘रेट वाढवा’ ही मागणी हवीच, पण रेट वाढवून स्कोअरच्या आडून काम कमी दिलं तर तुमच्या हाती काय राहील? म्हणून स्कोअर कशाकशावरून ठरतो ते मराठीत लिहून हबच्या भिंतीवर लावा, असं मागा. पावसाळ्यात पांदण रस्त्याच्या गावांना वेगळा वेळ द्या. नेटवर्क नसलेल्या गावांची यादी तुम्हीच करून द्या, आणि तिथं ओटीपीऐवजी गिऱ्हाइकाची सही चालावी. आयडी बंद करण्याआधी कारण लेखी द्यावं, आणि बंद करणारा व चालू करू शकणारा माणूस कोण ते नावानिशी कळावं. हे मागणं वेडेपणाचं नाही. कर्नाटकनं २०२५ मध्ये केलेल्या गिग कामगारांच्या कायद्यात लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काम बंद करता येत नाही, आणि ॲपच्या आपोआप होणाऱ्या निर्णयांची माहिती मागता येते. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण त्याची प्रत अर्जाला जोडता येते.

केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही एक उपयोगी कलम आहे. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार ती पूर्ण आणि अचूक ठेवणं ही माहिती वापरणाऱ्याची जबाबदारी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर मागणी म्हणून लिहा, पुढं हक्क म्हणून लिहाल. बुडालेल्या गावठाणावरची खूण हे चुकीच्या माहितीचं किती सरळ उदाहरण आहे बघा.

हे सगळं एकट्यानं का करू नये, ते इटलीतल्या एका निकालातून कळतं. ३१ डिसेंबर २०२० ला बोलोन्याच्या न्यायालयानं डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या कंपनीची क्रमवारीची पद्धत भेदभावाची ठरवली. मुलगा आजारी म्हणून आला नाही, संपावर होता म्हणून आला नाही की उगाच आला नाही, यात ते यंत्र फरकच करत नव्हतं. सगळ्यांना एकच शिक्षा. तो दावा कामगार संघटनांनी लावला होता. एकट्या पोराला आपलाच आकडा दिसतो. शंभर जणांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की यंत्राची खोड दिसते. आपल्या महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला तोही याच कारणासाठी: हमाल विखुरलेला, त्याचे मालक अनेक, एकटा कोणाशीच भांडू शकत नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी जे मंडळ आणलं त्याची मूळ कल्पना आपल्या माथाडी मंडळाचीच. बाजार समितीत एखाद्या जुन्या माथाडी हमालाशी जाऊन बोला. तुमचं म्हणणं त्याला माझ्याहून लवकर समजेल.

शेवटी तुमची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. संघटनेत गेला म्हणून काढणं ही कायद्यानं अनुचित कामगार प्रथा आहे, पण पूर्वी मालक तोंडावर काढायचा, आता नुसती पार्सलं कमी होतात आणि कोणी काही बोलत नाही. म्हणून अर्ज देण्याआधी दोन आठवडे कामावर असलेल्या अकराही जणांचे रोजचे आकडे लिहून ठेवा: किती पार्सलं, किती किलोमीटर. अर्ज दिल्यावर पुढचे दोन आठवडेही लिहा. कोणाचे आकडे अचानक पडले तर ‘सिस्टीमनं केलं’ म्हणणाऱ्याला ती दोन पानं दाखवता येतील. हे आधी केलं नाही तर नंतर करता येत नाही, म्हणून घाईनं अर्ज देऊ नका.

तुमच्या एकट्याच्या कपातीचा आणि आयडीचा अर्ज तुमच्या नावानं जाईल, त्याला इलाज नाही, आणि तुमचं काम तर आधीच बंद आहे. पण नियमांचा अर्ज सगळ्यांचा वेगळा करा. त्यावर सह्या खाली-खाली घेऊ नका. कोऱ्या पानावर ताट उलटं ठेवून गोल आखा आणि त्या गोलाभोवती सह्या घ्या. बिडीवाल्या बायका अशाच करायच्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे त्याच गोलात. पहिलं नाव कोणाचं ते वाचणाऱ्याला कळत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या, आणि दुसरीवर शिक्का व तारीख पडल्याशिवाय तिथून उठू नका.